पाणीपुरवठा योजनेसाठी लोकसंख्येचा आणि पाण्याच्या मागणीचा अंदाज कसा बांधावा : नागपूर परिसरात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

पाणीपुरवठा योजनेच्या सविस्तर प्रकल्प अहवालातील लोकसंख्येचे प्रकरण मी पहिल्यांदा लिहिले, तेव्हा ते शेरे मारून तीन वेळा परत आले. सूत्रे पाठ्यपुस्तकातीलच होती आणि आकडेमोडही बिनचूक होती. मात्र कोणत्या हद्दीतील माणसे मोजायची आणि मोजणी कोणत्या वर्षापासून धरायची, हे मी सूत्राला हात घालण्यापूर्वी ठरवलेलेच नव्हते. नगरपंचायतीत नुकतेच रुजू झालेले कनिष्ठ अभियंते, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि स्थापत्य शाखेचे विद्यार्थी याच जागी अडखळताना मी पुढे अनेकदा पाहिले, म्हणून ज्या क्रमाने हे काम करावे असे मला आज वाटते, तो क्रम येथे मांडत आहे.

१. आधी नकाशा, मग आकडे

योजनेतून ज्यांना पाणी मिळणार आहे तो भाग नकाशावर एका रेषेने बंदिस्त करा. गावठाण, त्यालगतचे अकृषक लेआउट, गुंठेवारीतील वस्त्या, रस्त्यालगतची ढाबे-गोदामांची रांग, यांपैकी काय आत आहे आणि काय बाहेर, हे नावानिशी लिहून त्यावर संबंधित संस्थेची सही घ्या. सही घेण्याचा आग्रह जाचक वाटेल, परंतु वर्षभराने “आमचा लेआउट का वगळला?” असा प्रश्न येतो तेव्हा हाच कागद उपयोगी पडतो.

नागपूरभोवती हद्दी सतत बदलत आल्या आहेत. हुडकेश्वर आणि नरसाळा ही गावे २०११ च्या जनगणनेनंतर महानगरपालिकेत आली. वाडी ग्रामपंचायतीची नगर परिषद झाली. त्यामुळे दोन जनगणनांचे आकडे शेजारी ठेवण्यापूर्वी दोन्ही वेळची हद्द एकच होती का, हे तपासावेच लागते. शहरालगतच्या एका गावासाठी काम करताना मला दशकातील वाढ जवळजवळ दुप्पट दिसली आणि मी तीच गती पुढे चालवली. मध्यंतरी शेजारच्या दोन वस्त्या त्या गावाच्या हद्दीत धरल्या गेल्या होत्या, हे जनगणनेच्या ग्रामनिहाय पुस्तिका समोरासमोर ठेवल्यावर कळले. माणसे वाढली नव्हती, रेषा सरकली होती.

याच जातीचा दुसरा सापळा म्हणजे महानगरपालिका क्षेत्र आणि नागरी समूह (म्हणजे शहर आणि त्याला लागून वाढलेला शहरी भाग मिळून) यांची गल्लत. २०११ साली नागपूर महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या २४,०५,६६५ होती, तर नागरी समूहाची सुमारे २४.९८ लाख. एका वर्षाचा आकडा पहिल्या क्षेत्राचा आणि दुसऱ्या वर्षाचा दुसऱ्याचा घेतला, की नसलेली वाढ किंवा नसलेली घट कागदावर उमटते.

२. जमवायची कागदपत्रे

– १९७१ पासूनच्या पाच जनगणनांचे आकडे, ग्राम किंवा प्रभागनिहाय, हद्दीच्या नोंदींसह
– मंजूर विकास योजना आणि मंजूर लेआउटची यादी. शहरात नागपूर सुधार प्रन्यास व महानगरपालिका, शहराबाहेर महानगर क्षेत्र विकास प्राधिकरण
– घरपट्टीची आकारणी नोंदवही; ग्रामपंचायतीत हा नमुना ८ असतो
– महावितरणकडील घरगुती वीजजोडण्यांची संख्या, शक्यतो मागील दहा वर्षांची
– मतदार यादी, आणि अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांच्याकडील कुटुंबनोंदी
– सध्याच्या योजनेची पंपाची तास-नोंदवही, नळजोडण्यांची यादी, पाणीपट्टीची मागणी व वसुली
– रुग्णालये, वसतिगृहे, मंगल कार्यालये, कारखाने यांची खाटा, विद्यार्थी व कामगार संख्येसह यादी

पंपाची नोंदवही बहुतेक ठिकाणी धूळ खात पडलेली असते. ती मागताना जे उत्तर मिळते, त्यावरून प्रत्यक्ष पुरवठ्याचे मोजमाप होते की नाही हे लगेच समजते.

३. आजची लोकसंख्या निश्चित करा

जनगणनेचा शेवटचा उपलब्ध आकडा २०११ चा आहे. २०२१ ची जनगणना झाली नाही आणि पुढील जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ अशी जाहीर झालेली आहे. मधल्या काळात मिहानमध्ये अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली, मेट्रो धावू लागली, समृद्धी महामार्ग खुला झाला. त्यामुळे २०११ वरून सरळ पुढे जाणे म्हणजे दीड दशकाची उडी डोळे मिटून मारणे होय. आजची लोकसंख्या स्वतंत्रपणे काढा आणि ती किमान तीन बाजूंनी पडताळा.

वीजजोडण्या गुणिले सरासरी कुटुंबाचा आकार, ही पहिली बाजू. येथे एकाच घरात दोन मीटर असतात आणि कुलूपबंद घरालाही जोडणी असते, म्हणून हा आकडा फुगलेला निघतो. मतदार यादी ही दुसरी बाजू. अठरा वर्षांखालील मुले तीत नसतात, आणि हिंगणा व बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींजवळ खोल्या करून राहणाऱ्या अनेक कामगारांची नावे त्यांच्या मूळ गावी असतात, म्हणून हा आकडा कमी पडतो. आशा व अंगणवाडीच्या नोंदी ही तिसरी बाजू असून माझ्या अनुभवात ती सर्वांत विश्वासार्ह आहे, कारण ती घरोघरी जाऊन केलेली असते. या ताईंशी बोलताना घाई करू नका. कोणत्या गल्लीत किती बिऱ्हाडे भाड्याने आली, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

यानंतर शंभरएक घरांची नमुना पाहणी करा. ती करताना जुन्या वस्तीतील, लेआउटमधील आणि भाडेकरूंच्या चाळीतील घरे वेगवेगळी निवडा, कारण तिन्ही ठिकाणी कुटुंबाचा आकार निराळा असतो.

रिकामा प्लॉट मात्र माणूस म्हणून मोजू नका. प्लॉट घेऊन ठेवणे हा नागपुरातील बचतीचा जुना मार्ग आहे, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वी मंजूर झालेल्या लेआउटमध्येही निम्म्याहून अधिक जागा मोकळ्या दिसू शकतात.

४. संकल्पन (डिझाइन) वर्षे ठरवा

अंदाज आजच्या वर्षापासून सुरू होत नाही; ज्या वर्षी योजना कार्यान्वित होईल त्या वर्षापासून सुरू होतो. मंजुरी, निविदा आणि बांधकाम यांना तीन वर्षे लागतील असे धरले आणि काम २०२६ मध्ये हाती घेतले, तर पायाभूत वर्ष २०२९, मधला टप्पा २०४४ आणि अंतिम टप्पा २०५९ असा होतो. केंद्रीय सार्वजनिक आरोग्य व पर्यावरण अभियांत्रिकी संघटनेच्या, म्हणजे ज्याला सगळे सीपीएचईईओ म्हणतात तिच्या, १९९९ च्या नियमपुस्तिकेत पंप, जलशुद्धीकरण केंद्र व जलकुंभ यांसाठी १५ वर्षे, जलवाहिन्यांसाठी ३० वर्षे आणि धरणासाठी ५० वर्षे धरली आहेत. पंप झिजतो व बदलता येतो. रस्त्याखालची जलवाहिनी पुन्हा पुन्हा उकरता येत नाही. म्हणूनच मधल्या टप्प्याचा आकडा अंतिम आकड्याइतकाच काळजीपूर्वक काढावा लागतो.

५. पद्धती चालवून पाहा, आणि त्यांच्यावर लगेच विश्वास ठेवू नका

येथे नागपूर महानगरपालिका क्षेत्राचेच आकडे घेऊ. लोकसंख्या लाखांत अशी : १९७१ – ८.६६, १९८१ – १२.१९, १९९१ – १६.२५, २००१ – २०.५२, २०११ – २४.०६. दशकातील वाढ अनुक्रमे ३.५३, ४.०६, ४.२७ आणि ३.५४ लाख, म्हणजे टक्केवारीत ४०.८, ३३.३, २६.३ आणि १७.३. आपल्याला २०४१ चा आकडा हवा आहे, असे समजा.

अंकगणितीय पद्धतीत सरासरी वाढ ३.८५ लाख येते. तीन दशकांची वाढ मिळवली की २०४१ ची लोकसंख्या ३५.६ लाख होते.

भूमितीय पद्धतीत चारही टक्केवारींचा भूमितीय मध्य सुमारे २८ येतो. २४.०६ ला १.२८ ने तीनदा गुणले की ५०.५ लाख मिळतात.

इन्क्रिमेंटल इन्क्रीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत वाढीतील बदल विचारात घेतात. येथे ते बदल अधिक ०.५३, अधिक ०.२१ आणि उणे ०.७३ असे असून त्यांची सरासरी जवळजवळ शून्य येते. परिणामी उत्तर अंकगणितीय पद्धतीएवढेच राहते. अहवालात ही “तिसरी पद्धत” म्हणून दाखवून दोन पद्धतींचे एकमत झाल्याचा आव आणला जातो. प्रत्यक्षात तो एकच साक्षीदार दोनदा उभा केलेला असतो.

घटत्या दराची पद्धत येथे कोलमडते. टक्केवारी दर दशकाला सरासरी ७.८ ने घटत आली आहे, म्हणून पुढील दशकांचे दर साधारण ९.५, १.७ आणि उणे ६ येतात. म्हणजे २०३१ नंतर शहराची लोकसंख्या कमी होऊ लागेल, असे हे सूत्र सांगते. पुस्तकात दिलेली पद्धत आहे म्हणून असे उत्तर सरासरीत मिसळणे हा मी वारंवार पाहिलेला दोष आहे.

शेवटच्या दशकाचाच १७.३ टक्के दर पुढे चालवला तर ३८.८ लाख मिळतात. ३५.६ आणि ५०.५ यांत सुमारे १५ लाख माणसांचे अंतर आहे. माणशी १३५ लिटर धरले तर ते दररोज सुमारे २०० दशलक्ष लिटर भरते, आणि कन्हान येथील महानगरपालिकेचे जलशुद्धीकरण केंद्रच २४० दशलक्ष लिटर क्षमतेचे आहे. कोणते सूत्र निवडावे या प्रश्नावर जवळजवळ एक अख्खे केंद्र बांधायचे की नाही हे अवलंबून असते.

आता घनतेची कसोटी लावा. महानगरपालिकेचे क्षेत्र हुडकेश्वर-नरसाळ्यासह सुमारे २२७ चौरस किलोमीटर आहे. ५०.५ लाख माणसे त्यात बसवली तर दर चौरस किलोमीटरला २२,००० हून अधिक घनता येते. २०११ साली मुंबई उपनगर जिल्ह्याची घनता सुमारे २१,००० होती. अंबाझरी, गोरेवाडा, सेमिनरी हिल्स, विमानतळ आणि संरक्षण खात्याच्या जागा पोटात घेऊन नागपूर मुंबईच्या उपनगरांपेक्षा दाट होईल का, असा प्रश्न स्वतःला विचारला की भूमितीय आकडा आपोआप बाजूला पडतो. ही वाढ शहराच्या हद्दीबाहेर, बेसा, बेलतरोडी, वाडी, हिंगणा या दिशांना जाणार, आणि तुमची योजना जर अशा गावासाठी असेल तर तेथे नेमकी उलटी चूक होईल : गावाचा जुना इतिहास मंद वाढ दाखवेल आणि वास्तव त्याच्या पुढे धावेल.

अशा सीमेवरच्या गावांत मी सूत्रांना दुय्यम स्थान देतो. मंजूर लेआउटमधील प्लॉटची संख्या, त्यांपैकी आज किती भरले आहेत, दरवर्षी नवीन वीजजोडण्या किती होतात आणि पूर्ण भरल्यावर घनता किती होईल, या चार गोष्टींवरून आकडा बांधावा आणि सूत्रांचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे. नेहमी तीन आकडे द्या : किमान, संभाव्य आणि कमाल. तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना एकच आकडा हवा असतो हे खरे. तो द्या, परंतु बाकीचे दोन कशावरून आले हेही त्याच पानावर राहू द्या.

६. माणशी पाणी

सीपीएचईईओच्या १९९९ च्या निकषांप्रमाणे मलनिःसारण व्यवस्था असलेल्या किंवा नियोजित असलेल्या शहरासाठी दरडोई दररोज १३५ लिटर, महानगरासाठी १५० लिटर आणि मलनिःसारण नसलेल्या नळयोजनेच्या गावासाठी ७० लिटर धरत असत. जल जीवन मिशनचा ग्रामीण निकष ५५ लिटरचा आहे. सीमेवरच्या गावाचा खरा पेच येथेच आहे. आज ग्रामपंचायत म्हणून ५५ लिटरवर संकल्पन करायचे आणि पाच वर्षांत तेथे नगरपंचायत होऊन फ्लॅट संस्कृती आली की जलवाहिनी अपुरी पडते. अशा ठिकाणी निदान मुख्य जलवाहिनीसाठी शहरी दराची मागणी वेगळी मांडून दाखवावी.

या दरांत किरकोळ दुकाने, लहान शाळा व छोटे व्यवसाय धरलेलेच असतात. मोठ्या संस्थांचे पाणी तेवढे स्वतंत्र मिळवायचे : १०० पेक्षा अधिक खाटांच्या रुग्णालयासाठी खाटेमागे ४५० लिटर, लहान रुग्णालयासाठी ३४०, वसतिगृहासाठी विद्यार्थ्यामागे १३५, दिवसभराच्या मोठ्या शाळेसाठी ४५. लहान शाळांचीही यादी स्वतंत्र जोडण्याचा मोह होतो आणि तेच पाणी दोनदा मोजले जाते, याकडे लक्ष ठेवा. ५०,००० हून अधिक लोकसंख्येसाठी अग्निशमनाचा साठा हजारांतील लोकसंख्येच्या वर्गमुळाच्या शंभरपट किलोलिटर धरतात; हा साठा जलकुंभात ठेवायचा असतो, रोजच्या मागणीत मिसळायचा नसतो.

नागपुरात या निकषांपलीकडची एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते आणि ती म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि मोठ्या टाकीचा कूलर दिवसरात्र पाणी ओढत राहतो. निकषात कूलरचा उल्लेख नसल्यामुळे ही मागणी कागदावर दिसत नाही, परंतु उन्हाळ्यातील तक्रारींत ती नक्की दिसते. नमुना पाहणीत प्रत्येक घरात किती कूलर आहेत आणि ते दिवसातून किती वेळा भरावे लागतात, हे विचारा. शक्य असेल तर चार-पाच घरी स्वतः बादलीने मोजा. ज्या लेआउटमध्ये आज बोअरवर भागते, तेथे उन्हाळ्यात बोअर आटले की सगळी मागणी नळावर येते, म्हणून बोअरचे पाणी मागणीतून वजा करू नये.

७. नळापासून नदीपर्यंत उलटे मोजत जा

समजा, एका गावाची २०५९ ची लोकसंख्या ८०,००० धरली आहे. घरगुती मागणी १३५ लिटरने १०.८ दशलक्ष लिटर होते; संस्थांचे ०.६ धरून ११.४. वितरणातील गळती १५ टक्क्यांपर्यंत मर्यादित राहावी असा निकष आहे. येथे ११.४ ला १.१५ ने गुणणे ही चूक आहे, कारण गळती सोडलेल्या पाण्याच्या १५ टक्के असते, पोहोचलेल्या पाण्याच्या नव्हे. म्हणून ०.८५ ने भागावे, उत्तर १३.४ येते. जलशुद्धीकरण केंद्रात गाळणी धुण्यासाठी सुमारे ५ टक्के पाणी लागते असे धरले, तर ०.९५ ने भागून कच्चे पाणी १४.१ दशलक्ष लिटर होते.

जुनी वितरण व्यवस्था तशीच ठेवणार असाल तर १५ टक्के गळती हे स्वप्नरंजन ठरते. पंपाच्या नोंदवहीतील पाणी आणि पाणीपट्टीत दिसणारे पाणी यांतील तफावत काढा व खरा आकडा लिहा. तो लाजिरवाणा असला तरी चालेल.

वितरण वाहिन्यांसाठी याच सरासरीवर १९९९ च्या नियमपुस्तिकेप्रमाणे गर्दीच्या तासाचा गुणक लावतात : ५०,००० पर्यंत ३, दोन लाखांपर्यंत २.५, त्यापुढे २. पंप दिवसात किती तास चालणार हेही येथेच ठरवा. वीज २४ तास गृहीत धरून काढलेला पंप ग्रामीण वीजवाहिनीवर कधीच पुरा पडत नाही.

८. पाणी आरक्षण

जलसंपदा विभागाकडे आरक्षण वार्षिक दशलक्ष घनमीटरमध्ये मागावे लागते. रोजचे १ दशलक्ष लिटर म्हणजे वर्षाचे ०.३६५ दशलक्ष घनमीटर, वरील १४.१ चे ५.१५ होतात. या रूपांतरात दशांश चिन्ह सरकल्याने अर्ज परत आल्याचे मी पाहिले आहे. उघड्या कालव्यातून पाणी आणायचे असेल तर बाष्पीभवन आणि पाझर यांची वेगळी तरतूद लागते; नागपूरने पेंच नदीचे पाणी नवेगाव खैरीपासून महादुल्यापर्यंत बंद जलवाहिनीने आणण्याचे एक कारण हेच होते.

उद्भवाचा, म्हणजे पाणी जेथून घ्यायचे त्या स्रोताचा, विचार मागणीइतकाच कठोरपणे करा. नागपूरचा मोठा आधार असलेल्या पेंच नदीवर वरच्या अंगाला मध्य प्रदेशात चौराई धरण झाले, आणि २०१९ च्या जुलैत पाऊस लांबल्यावर शहराला एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले. आरक्षणपत्रावरील आकडा आणि वाईट वर्षी प्रत्यक्ष मिळणारे पाणी हे दोन वेगळे रकाने ठेवा.

९. गृहीतकांचे पान

अहवालाच्या शेवटी एका पानावर सगळी गृहीतके लिहा : हद्द, पायाभूत वर्ष, कुटुंबाचा आकार, निवडलेली पद्धत व नाकारलेल्या पद्धतींची कारणे, दरडोई दर, गळती, पंपाचे तास. प्रत्येकापुढे तो आकडा कोठून आला आणि कोणत्या तारखेला, हे नोंदवा. गणिताचा तक्ता असा करा की हे आकडे एकाच जागी बदलले की पुढचे सर्व आपोआप बदलतील. २०२७ च्या जनगणनेचे ग्रामनिहाय आकडे प्रसिद्ध झाले की पहिल्यांदा तिसऱ्या पायरीतील तुमचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहा, आणि तफावत दहा टक्क्यांहून अधिक निघाली तर मधल्या टप्प्याच्या पंपांची व जलकुंभाची निविदा काढण्यापूर्वी संपूर्ण तक्ता पुन्हा चालवा.